जायचं अनेकांना असतं, पोहोचतात थोडेच: स्थलांतराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची माहिती २०२५ च्या अखेरपर्यंतच्या नियमांवर आधारलेली आहे. फी, पगाराची अट, कोटा हे सगळं वर्षातून दोनदाही बदलतं, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचा आकडा पाहाच. कुणी कुठे जावं हे इथे सांगितलेलं नाही. कुठे कुणाला घेतात आणि कुणाला अडवतात, एवढंच सांगितलं आहे.

जगातल्या लोकांना सगळ्यात जास्त कुठे जायचं असतं?

अमेरिकेला. गॅलप ही संस्था २००७ पासून जगभरातल्या देशांत प्रौढ माणसांना विचारत आली आहे: संधी मिळाली तर कायमचं दुसऱ्या देशात जाल, की आहात तिथेच राहाल? जाईन म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न, कुठे? तेव्हापासून पहिलं नाव अमेरिकेचंच येत आहे. २०२३ च्या पाहणीत जगातल्या १६ टक्के प्रौढांनी, म्हणजे ९० कोटींहून अधिक लोकांनी, जायची इच्छा सांगितली आणि त्यांतल्या साधारण १८ टक्क्यांनी अमेरिकेचं नाव घेतलं. मागोमाग कॅनडा. त्यानंतर जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, स्पेन ही नावं वर्षागणिक थोडी पुढेमागे होतात. जपान आणि सौदी अरेबियाही या यादीत असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं.

अमेरिकेचा पहिला नंबर टिकला असला तरी तिचं वजन घटलं आहे. पाहणीच्या सुरुवातीच्या वर्षांत जाऊ इच्छिणाऱ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा अमेरिका म्हणत असे.

आणखी एक गंमत. प्रत्येकाची इच्छा खरंच पुरी झाली तर सगळ्यात जास्त गर्दी कुठे होईल? लोकसंख्येच्या मानाने पाहिलं तर सिंगापूर आणि न्यूझीलंड इथे. गॅलपच्या २०१५ ते २०१७ च्या हिशेबात या दोन्ही देशांची प्रौढ लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली असती.

इतक्या लोकांना जायचं आहे, मग ते जात का नाहीत?

कारण 'आवडेल' म्हणणं फुकट असतं. २०१० ते २०१५ या काळातल्या गॅलपच्या आकड्यांवरून इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन फॉर मायग्रेशन या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने एक हिशेब मांडला होता. तेव्हा जायला आवडेल म्हणणारे सुमारे ७१ कोटी होते. पुढच्या बारा महिन्यांत जायचा बेत आहे म्हणणारे ६.६ कोटी. आणि त्यासाठी काही हालचाल सुरू केलेले, म्हणजे व्हिसाचा अर्ज, तिकीट, पैशांची जुळवाजुळव अशी तयारी करणारे, फक्त २.३ कोटी. शंभर प्रौढांत चौदा जणांची इच्छा, एकाचा बेत, आणि तयारीला लागलेला माणूस शोधायला दोनशेहून अधिक जणांना विचारावं लागेल. अर्ज नाकारला जाण्याचा प्रश्न तर यानंतर येतो.

संयुक्त राष्ट्रांच्या गणतीप्रमाणे २०२४ मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारे लोक ३०.४ कोटी होते, म्हणजे जगाच्या ३.७ टक्के. हा एका वर्षाचा आकडा नव्हे; चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गेलेले आजी-आजोबाही त्यात मोजले आहेत. शंभरातले शहाण्णव जण जिथे जन्मले त्याच देशात राहतात. 'हल्ली सगळं जग निघालंय' असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवावा.

प्रत्यक्षात लोक जातात कुठे?

याच यादीतल्या काही देशांत, आणि शेजारी. जन्माने परदेशी असलेले सगळ्यात जास्त लोक अमेरिकेत आहेत, ५ कोटींहून अधिक. मग जर्मनी (सुमारे १.७ कोटी), सौदी अरेबिया (सुमारे १.४ कोटी), ब्रिटन (सुमारे १.२ कोटी). सौदी अरेबिया तिसऱ्या नंबरवर आहे याचा अर्थ तो देश लोकांना ब्रिटनपेक्षा जास्त आवडतो असा नाही. तिथे काम मिळतं, भरती करणारे एजंट दारात येतात आणि पदवी लागत नाही, म्हणून लोक तिथे जातात.

शेजारच्या देशात जाण्याबद्दल तर फारच कमी बोललं जातं. बुर्किना फासोमधला माणूस कोत दिव्हारला जातो, निकाराग्वातला कोस्टा रिकाला, झिम्बाब्वेतला दक्षिण आफ्रिकेला, व्हेनेझुएलातला कोलंबियाला. रॅव्हनस्टीन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ मध्ये ब्रिटनची जनगणना चाळून लिहिलं होतं की बहुतेक स्थलांतर जवळच्या अंतराचं असतं. विमानं आली, व्हिडिओ कॉल आले, तरी त्याचं म्हणणं बरंचसं खरंच आहे.

गरिबीमुळेच लोक देश सोडतात ना? देश श्रीमंत झाला की जाणं थांबतं?

उलट होतं, निदान सुरुवातीला. देश फार गरीब असताना लोकांकडे जायला पैसाच नसतो. उत्पन्न वाढू लागलं की शिक्षण वाढतं, हातात थोडी शिल्लक येते, बाहेर गेलेल्या कुणाची तरी ओळख निघते आणि जाणाऱ्यांचं प्रमाण चढत जातं. मायकेल क्लेमेन्स या अर्थतज्ज्ञाने दाखवलं आहे की दरडोई उत्पन्न (तिथल्या महागाईनुसार जुळवून घेतलेलं) साधारण १०,००० डॉलरच्या आसपास पोहोचेपर्यंत बाहेर जाण्याचं प्रमाण वाढत राहतं आणि नंतर ओसरतं. म्हणून 'गरीब देशांना मदत द्या म्हणजे ते आमच्याकडे येणार नाहीत' हे श्रीमंत देशांतल्या नेत्यांचं आवडतं वाक्य कमी पल्ल्यात तरी खोटं ठरतं.

लोक देश निवडतात कशावरून?

पगार हे उत्तर सगळे देतात. पण दोन देशांत पगार सारखा असेल तर माणूस जिथे आपलं कुणी आहे तिथे जातो. पहिल्या महिन्यात राहायला खोली कोण देणार, बँकेत खातं कसं उघडायचं, कुठल्या मालकाकडे काम मागायचं नाही, हे सांगणारं माणूस असलं की निम्मी भीती जाते. म्हणूनच एखाद्या शहरात एकाच तालुक्यातले हजारो लोक सापडतात आणि शंभर मैलांवरच्या तितक्याच चांगल्या शहरात एकही नाही.

दुसरं कारण भाषा. अल्जीरियातून फ्रान्स, लॅटिन अमेरिकेतून स्पेन, मोझांबिकमधून पोर्तुगाल, हे जुने रस्ते साम्राज्यांनी आखले आणि भाषेने वापरात ठेवले. तिसरं कारण मुलांचं पुढचं. चौथं, जे पाहणीत लोक मोकळेपणाने सांगत नाहीत, ते म्हणजे घरातून सुटका: जमत नसलेलं लग्न, नकोसं सासर, गावाचा धाक.

सगळ्यात मोठा अडथळा कोणता? पैसा, शिक्षण की भाषा?

तिन्हींच्या आधी, तुम्ही जन्मलात कुठे हे. सिंगापूरच्या पासपोर्टवर आधी व्हिसा न घेता १९० हून अधिक ठिकाणी जाता येतं, अफगाणिस्तानच्या पासपोर्टवर दोन-अडीच डझन ठिकाणी. म्हणजे एक माणूस नोकरीची मुलाखत द्यायला तिकीट काढून निघतो आणि दुसऱ्याला तेवढ्यासाठीही बँकेचे कागद, घरचे कागद, 'मी परत येईन' याचे पुरावे जोडावे लागतात. शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाची) फी जून २०२४ मध्ये ८० वरून ९० युरो झाली. नकार आला तर ती परत मिळत नाही. ज्यांना नकार जास्त येतो ते बहुतेक गरीब देशांतले. त्यामुळे न मिळालेल्या व्हिसाचा सगळ्यात जास्त खर्च तेच करतात.

जाण्याची परवानगी आपल्याच देशाकडून न मिळणं हाही अडथळा आहे. उत्तर कोरिया आणि इरिट्रिया इथून मोकळेपणी निघता येत नाही. सौदी अरेबियात २१ वर्षांवरच्या स्त्रियांना पुरुष पालकाच्या संमतीशिवाय पासपोर्ट काढायची मुभा २०१९ मध्ये मिळाली.

पूर्वी हे सगळं सोपं होतं का?

काहींसाठी. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचं केंद्र १८९२ ते १९५४ या काळात चाललं. तिथून १.२ कोटींच्या आसपास लोक आत गेले आणि परत पाठवलेल्यांचं प्रमाण सुमारे दोन टक्के होतं. पहिल्या महायुद्धापूर्वी बऱ्याच ठिकाणी पासपोर्ट लागतच नसे. पण हा मोकळेपणा मुख्यतः युरोपीय लोकांपुरता होता. चिनी मजुरांना अमेरिकेने १८८२ च्या कायद्याने बंदी घातली आणि ती १९४३ पर्यंत टिकली. ऑस्ट्रेलियाचं फक्त गोऱ्यांना घेण्याचं धोरण पूर्णपणे संपायला १९७३ उजाडलं. आज कातडीचा रंग कुणी अर्जात विचारत नाही, ही सुधारणा मोठी आहे.

पॉइंट्सची पद्धत म्हणजे नेमकं काय?

माणसाला मार्क देऊन निवडण्याची पद्धत. कॅनडाने ती १९६७ मध्ये सुरू केली, नंतर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इतरांनी उचलली. वय, शिक्षण, कामाचा अनुभव, भाषेची परीक्षा, त्या देशात शिकलात वा काम केलंत का, असे मार्क असतात.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (२०१५ पासून) एकूण १,२०० पैकी गुण मिळतात. तुम्ही प्रोफाइल टाकून ठेवता, सरकार ठरावीक दिवसांनी ड्रॉ काढतं आणि कट-ऑफच्या वरच्यांना अर्ज करायला बोलावतं. इथे अनेकांचा गोंधळ होतो: प्रोफाइल तयार झाली म्हणजे अर्ज झाला नाही, आणि पात्र ठरलात म्हणजे बोलावणं येईलच असं नाही. ऑस्ट्रेलियात किमान ६५ गुण लागतात, पण ६५ वाल्याला बहुतेक व्यवसायांत कुणी विचारत नाही. जर्मनीच्या चान्सनकार्टला (जून २०२४ पासून) सहा गुण पुरतात. मात्र हे कार्ड एक वर्ष तिथे राहून नोकरी शोधण्यासाठी आहे, त्याला पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) समजू नका.

कॅनडा अजूनही सगळ्यात सोपा आहे का?

होता. २०२५ साठी ५ लाख लोकांना कायम वास्तव्य द्यायचं ठरलं होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये ३,९५,००० वर आणलं आणि २०२६ साठी ३,८०,००० ठेवलं. विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर २०२४ पासून मर्यादा आली, विद्यार्थ्याने दाखवायची रक्कम दुप्पट झाली. नोकरीचं पत्र असलं की मिळणारे जादा गुण मार्च २०२५ मध्ये काढून टाकले, कारण तशी पत्रं सर्रास विकली जात होती. घरांच्या किमतींवरून तिथलं लोकमत फिरलं आणि सरकारला त्यामागे जावं लागलं.

तरी एक फट उरली आहे आणि तिच्याकडे लोक का बघत नाहीत हे मला कळत नाही: फ्रेंच. २०२४ आणि २०२५ मध्ये सर्वसाधारण ड्रॉचा कट-ऑफ ५०० च्या वर राहिला असताना फ्रेंच येणाऱ्यांसाठीचे काही ड्रॉ ४०० च्या खाली गेले. इंग्रजीत आयेल्ट्सचा अर्धा बँड वाढवायला चार वेळा परीक्षा देणारी माणसं तेवढ्या काळात दुसरी भाषा शिकू शकतात. सोपं नाही, दीड-दोन वर्षं सहज जातात. पण आपल्या हातात असलेल्या गोष्टींत इतका फायदा देणारं दुसरं थोडंच आहे.

अमेरिकेची रांग इतकी लांब का?

कारण रांग एक नाही आणि प्रत्येक रांगेला जन्मदेशाचं कुलूप आहे. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डं (कायम वास्तव्याचे परवाने) वर्षाला साधारण १,४०,०००. त्यात अर्जदाराचा जोडीदार आणि मुलंही मोजली जातात, म्हणजे कामगार निम्म्याहूनही कमी असू शकतात. शिवाय एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत. आइसलँडला ७ टक्के आणि भारत-चीनलाही ७ टक्केच. म्हणून एकाच कंपनीत, एकाच पदावर, एकाच दिवशी अर्ज केलेल्या दोघांपैकी एकाला कार्ड काही वर्षांत मिळतं आणि दुसऱ्याचं मूल तोवर कॉलेजात जातं. इथे नागरिकत्व बघत नाहीत, जन्म बघतात. मधल्या काळात दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला तरी रांग तीच राहते. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर मात्र त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं, आणि ही गोष्ट ठाऊक नसलेली जोडपी आजही भेटतात.

नातेवाइकांच्या रांगा याहून वाईट. मेक्सिकोत जन्मलेल्या भावंडाला अमेरिकन नागरिकाने बोलवायचं म्हटलं तर वीस वर्षांहून जास्त काळ जातो.

एच-१बी ही तात्पुरत्या कामाची वाट. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतल्या पदव्युत्तरांसाठी आणखी २०,०००. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्था या मर्यादेबाहेर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून होणाऱ्या नव्या अर्जांवर १,००,००० डॉलरचा आकार लावण्याचा आदेश निघाला. लहान कंपनी एवढे पैसे एका माणसासाठी भरणार नाही, हे उघड आहे. जून २०२५ मध्ये बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी झाली, आणखी सात देशांवर अंशतः निर्बंध आले. १९९० च्या कायद्याने आलेली व्हिसाची सोडतही आहे, पण ज्या देशांतून आधीच भरपूर लोक गेले आहेत त्यांना तिच्यात भाग घेता येत नाही आणि प्रशासनाने ती डिसेंबर २०२५ मध्ये थांबवलीही. तिच्यावर आयुष्याचं गणित मांडू नये.

ब्रिटनमध्ये पगाराची अट किती?

कुशल कामगाराच्या व्हिसासाठी जुलै २०२५ पासून सर्वसाधारण अट वर्षाला ४१,७०० पौंड. एप्रिल २०२४ पूर्वी ती २६,२०० होती. वृद्धांची देखभाल करणाऱ्या कामगारांना बाहेरून नव्याने घेणंही जुलै २०२५ मध्ये बंद झालं. जोडीदाराला बोलवायचं तर ब्रिटनमधल्या माणसाचं उत्पन्न २९,००० पौंड हवं. आरोग्यसेवेचा अधिभार बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड पडतो आणि तो व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरायचा असतो. चौघांचं कुटुंब पाच वर्षांसाठी निघालं की हा एकच आकडा जीव दडपून टाकतो.

जर्मनीला माणसं हवी आहेत म्हणतात. मग अडतं कुठे?

भाषेत आणि पदवीच्या मान्यतेत. माणसं खरंच हवी आहेत: तिथली कामकरी पिढी निवृत्त होते आहे, आणि २०२० च्या कायद्यापासून नियम सैल होत आले आहेत. पाच वर्षांत नागरिकत्व आणि जुनं नागरिकत्व ठेवण्याची मुभा जून २०२४ पासून मिळाली (तीन वर्षांचा जलद मार्ग २०२५ मध्ये रद्द झाला). पण नर्सला साधारण बी२ पातळीची (मध्यमाच्या वरची) जर्मन लागते, डॉक्टरला त्यावर वैद्यकीय जर्मनची वेगळी परीक्षा. संगणकक्षेत्र सोडलं तर इंग्रजीवर फार काळ निभावत नाही.

पदवीच्या मान्यतेची गोष्ट फक्त जर्मनीची नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, वीजतंत्री, दंतवैद्य यांचे परवाने बहुतेक देशांत स्थानिक मंडळं देतात आणि इमिग्रेशन खात्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. खातं तुम्हाला डॉक्टर म्हणून गुण देतं, व्हिसा देतं. मंडळ म्हणतं, पुन्हा परीक्षा द्या, पुन्हा निवासी डॉक्टर म्हणून काम करा, आणि त्या जागा आमच्याकडे नाहीत. मग दहा वर्षं शस्त्रक्रिया केलेला माणूस टॅक्सी चालवतो. मला विचाराल तर स्थलांतराच्या सगळ्या अडथळ्यांत हा सर्वांत निर्दय, कारण तो पोहोचल्यानंतर कळतो. परवाना लागणारा व्यवसाय असेल तर व्हिसाच्या आधी मंडळाचे नियम वाचा.

आखाती देशांत जाणं सोपं, मग तिथे कायमचं का राहता येत नाही?

कारण तिथे तशी रचनाच नाही. संयुक्त अरब अमिराती आणि कतार इथे दहातले जवळजवळ नऊ लोक परदेशी आहेत. एवढ्यांना नागरिकत्व दिलं तर मूळ नागरिक आपल्याच देशात मूठभर ठरतील. म्हणून कफाला पद्धत: राहण्याचा हक्क मालकाला बांधलेला, नोकरी गेली की राहणंही गेलं. कतारने नोकरी बदलायला मालकाच्या ना-हरकत पत्राची सक्ती २०२० मध्ये काढली, अमिरातीने २०१९ पासून दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा सुरू केला, पण तो पैसेवाल्यांसाठी आणि उच्चशिक्षितांसाठी. बांधकामावरच्या किंवा घरकामाच्या माणसाने पासपोर्ट मालकाच्या हाती देऊ नये. तो काढून घेणं तिथल्या कायद्यानेही चुकीचं आहे, तरी चालतं.

माझं वय ४२ आहे. उशीर झाला का?

पॉइंट्सच्या देशांसाठी जवळजवळ झाला. कॅनडात विशीत पूर्ण गुण, तिशीत दरवर्षी घट आणि ४५ ला शून्य. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक कुशल व्हिसांना ४५ च्या आत असावं लागतं. मालक बोलावत असेल तर वयाचं ओझं कमी होतं, म्हणून चाळिशीनंतर देश शोधण्याऐवजी मालक शोधावा. ऑस्ट्रेलियात आणि कॅनडात कुटुंबातल्या एखाद्याच्या आजाराचा सरकारला येणारा खर्चही मोजतात, हे अपंग मूल असलेल्या आईवडिलांनी आधीच तपासून घ्यावं.

शिकायला जाऊन तिथेच राहायचं, हा मार्ग अजून चालतो का?

चालतो, पण महाग आणि अरुंद झाला आहे. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाची फी ७१० ऑस्ट्रेलियन डॉलरवरून जुलै २०२४ मध्ये १,६०० आणि वर्षभराने २,००० केली. शिक्षणानंतरच्या कामाच्या व्हिसाला बहुतेकांसाठी ३५ ची वयोमर्यादा लावली. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून संशोधन सोडून इतर विद्यार्थ्यांना कुटुंब नेणं बंद केलं. माझं मत स्पष्ट आहे: जो कोर्स तुम्ही पीआरची आशा नसती तर घेतला नसता, त्यासाठी जमीन गहाण टाकू नका. नियम शिक्षणाच्या मधल्या वर्षात बदलतात आणि कर्जाचा हप्ता बदलत नाही.

पैसे गुंतवून नागरिकत्व मिळतं म्हणतात, ते खरं का?

मिळतं, कमी ठिकाणी. कॅरिबियनमधल्या सेंट किट्सने १९८४ मध्ये ही वाट काढली. युरोपात ती, आणि पैसे गुंतवून राहण्याची परवानगी मिळवण्याची वाटही, बुजत चालली आहे: ब्रिटनने गुंतवणूकदार व्हिसा २०२२ मध्ये बंद केला, स्पेनने गोल्डन व्हिसा एप्रिल २०२५ मध्ये, आणि त्याच महिन्यात माल्टाची नागरिकत्व विकण्याची योजना युरोपीय न्यायालयाने बेकायदा ठरवली. अमेरिकेच्या ईबी-५ ला (गुंतवणुकीवर ग्रीन कार्ड देणाऱ्या व्हिसाला) किमान ८ लाख डॉलर लागतात.

युद्धामुळे पळालेले लोक सगळे युरोप-अमेरिकेतच जातात का?

नाही. २०२४ च्या अखेरीस घर सोडावं लागलेले लोक १२.३ कोटी होते आणि त्यांतले बहुसंख्य स्वतःच्याच देशात दुसरीकडे राहत होते. सीमा ओलांडलेल्यांपैकी दोन तृतीयांश शेजारच्या देशात थांबले. सर्वाधिक निर्वासित असलेले देश इराण, तुर्की, कोलंबिया, जर्मनी आणि युगांडा. पाचांत श्रीमंत देश एकच.

आश्रय मागण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात आहे, पण तो मागायला आधी त्या देशात पोहोचावं लागतं आणि आश्रय मागायला म्हणून व्हिसा मिळत नाही. या एका गाठीतून बोटी, तस्कर आणि बुडालेली माणसं येतात.

मग लोक रांगेत का थांबत नाहीत? बेकायदा का जातात?

बहुतेकांसाठी रांगच नसते. पदवी नाही, जवळचं नातं नाही, मालक नाही, अशा माणसासाठी श्रीमंत देशांत मोसमी शेतमजुरी सोडली तर फारसा अर्जच उपलब्ध नाही. २०२३ मध्ये पाच लाखांहून अधिक लोकांनी कोलंबिया आणि पनामा यांच्यामधलं दारिएनचं जंगल पायी ओलांडलं. २०२४ मध्ये जगभरातल्या वाटांवर किमान ८,९०० लोक मेल्याची नोंद झाली, तोवरचा सगळ्यात वाईट आकडा, आणि नोंद न झालेले त्यात नाहीत. पोहोचलेल्याचा फोटो गावात फिरतो, न पोहोचलेल्याचा फोटो नसतो. तस्कराचा धंदा त्यावर चालतो.

एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

त्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा. कॅनडात सल्लागारांची नोंद कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे असते, ऑस्ट्रेलियात मारा या कार्यालयाकडे, ब्रिटनमध्ये इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे. 'एम्बसीत आपला माणूस आहे' म्हणणाऱ्याकडून उठून या. व्हिसाची खात्री देणारा, पावती न देणारा, कोऱ्या फॉर्मवर सही मागणारा, तुमच्या नावाने बँकेत तात्पुरते पैसे ठेवून देतो म्हणणारा, यांतला कुणीही नको. फॉर्मवर खोटी माहिती गेली तर शिक्षा बहुतेकदा एजंटला होत नाही. कॅनडात पाच वर्षांची बंदी तुम्हाला लागते, अमेरिकेत ती जन्मभराची असू शकते. नोकरी मिळवून देण्याचे पैसे मालकाने द्यायचे असतात, कामगाराने नव्हे, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं तत्त्व आहे. ते पाळणारे थोडे, पण निदान विचारून तरी पाहा.

एकदा नकार आला तर पुन्हा अर्ज करावा का?

कारण वाचल्याशिवाय नको. तेच कागद, तोच फॉर्म पुन्हा पाठवला तर तेच उत्तर येतं आणि फी जाते. जुना नकार मात्र लपवू नका; विचारलं तिथे लिहा. नकारापेक्षा लपवलेला नकार जास्त नडतो.

जे जातात ते कायमचेच जातात का?

बरेच जात नाहीत. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या एका अभ्यासात दिसलं की आलेल्यांपैकी २० ते ५० टक्के लोक पाच वर्षांच्या आत तो देश सोडतात, कुणी घरी परततं, कुणी तिसऱ्याच देशात जातं.

नागरिकत्व घेतलं तर जुनं सोडावं लागेल का?

तुमचा मूळ देश आणि नवा देश काय म्हणतात त्यावर आहे. भारत, चीन, जपान, सिंगापूर प्रौढांना दुहेरी नागरिकत्व ठेवू देत नाहीत. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका, आता जर्मनीही देतात. भारत मूळच्या नागरिकांना ओसीआय कार्ड देतो, त्यावर राहता येतं, काम करता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पीआर आणि नागरिकत्व यांत मोठा फरक हा की पीआर काढून घेतली जाऊ शकते, उदाहरणार्थ कॅनडात पाचपैकी दोन वर्षं तिथे राहिला नाहीत तर. आईवडिलांच्या आजारपणात सहा-आठ महिने परत यावं लागेल असं वाटत असेल, तर हा नियम जाण्यापूर्वीच वाचून ठेवा.